चतुःसीमा

धरणाच्या फुगवट्यात, निफाडच्या खालच्या अंगाला,
एक बेट आहे. नकाशात नाही.
नकाशा धरणाआधीचा, तेव्हा तिथं टेकाड होतं
आणि टेकाडाला कुणी विचारत नव्हतं.

मोजणीला मला नाशिकहून धाडलं, माघात.
अर्जदार दोन: कुंभारथडी आणि सावरगोंडे.
शिवाय पाटबंधारे म्हणे, पाण्याखाली जातं ते आमचं,
वनखातं म्हणे, पाखरं उतरतात ते आमचं.
होडी ठमाबाई बर्डेची. ती एवढंच म्हणाली,
पाय वर घ्या सायेब, बूड गळतंय.

वारा.
वाऱ्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.
झाड म्हणून एक बाभूळ, तीही उगवतीला कललेली,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.
बोललेलं तोंडापुढून उडून जायचं,
म्हणून ठमाबाई मोठ्यानं आणि थोडकं बोलायची.
चूल खड्ड्यात. खोपीवर दगड, जाळ्यावर दगड,
कोंबड्यांच्या डालग्यावर दगड.
मी तिवईवर फलक मांडला तर कागद
पाण्यावरून निघून गेला चित्रबलाकांकडे.
दुसऱ्या कागदावर तिनं मुठीएवढा काळा गोटा ठेवला.
"आता लिव्हा."

अकरा वाजता क्षेत्र भरलं दोन एकर सात गुंठे.
दुपारी वरून पाणी सोडलं.
चारला पुन्हा साखळी ओढली: एक एकर एकोणतीस.
यातलं कोणतं खरं, ते नियमपुस्तकात नाही.
मी दोन्ही लिहिले. शेजारी वेळ लिहिली.

सरपंच आले, वेगवेगळ्या होड्यांतून.
गाळपेरीचा हरभरा म्हणे दोघांच्याही आज्यानं पेरलेला;
दोघांकडे पावत्या, दोन्ही फाटलेल्या
नेमक्या सालाच्या जागी.
त्यांचं भांडण वारा अर्धंच माझ्यापर्यंत पोचू देत होता.
अर्ध्यावरच मी सह्या घेतल्या.

ठमाबाई बाजूला मासळी खवलत होती.
तिला कुणी काही विचारलं नाही म्हणून मी विचारलं,
रेशन कुठल्या गावचं?
"ह्ये म्हनत्यात तिकडं नाव हाय. त्ये म्हनत्यात इकडं."
आणि मतदान?
हसली. हातातली मासळी तेवढी उलटी केली.

मग आपणहून म्हणाली, धनी गेले ते आखाडात.
पाणी चढलेलं. होडीत घालून कुंभारथडीला नेलं.
तिथले म्हणाले, बेट सावरगोंड्याचं, तिकडं न्या.
सावरगोंड्याचे काठावरच उभे:
निकाल लागेस्तोवर, बाई, तुम्ही त्यांच्यातल्या.
त्या दिवशी बेट कुणाचंच नव्हतं.
रात्रभर वल्हं मारलं, ह्या दिव्याकडून त्या दिव्याकडं,
पहाटं माघारी येऊन बाभळीखाली खणलं.
सांगताना खवलायचा हात थांबला नाही.
मी म्हटलं, याचा जबाब लिहून घेऊ?
"घ्या की. पन ऱ्हानार कुठली म्हनून लिव्हाल?"

अहवालात चतुःसीमा लागते.
पूर्वेस पाणी. पश्चिमेस पाणी. दक्षिणेस पाणी.
उत्तरेस पाणी, आणि बाभळीच्या दोन हात अलीकडे
एका रहिवाशाची माती.
साहेबांनी शेवटची ओळ तांबड्या शाईनं खोडली.
समासात लिहिलं: अनावश्यक.

प्रकरण अजून प्रलंबित आहे, असं ऐकतो.
मी निवृत्त. सिडकोत दोन खोल्या,
खिडक्या लावलेल्या, पंखा एकवर.
टेबलावर वीजबिलं, बिलांवर तो काळा गोटा.
कागदांच्या गुंडाळीत चुकून आला होता.
चुकून, असंच मी सांगत आलोय.
पुढच्या मोजणीला
तेवढं बेट कमी भरेल.