वापरणाऱ्याला सरकी लागत नाही

जिनिंगच्या वजनकाट्यावरचं मशीन जुनं.
डिस्क आठ जीबीची, तीही कण्हत फिरणारी.
मागच्या उन्हाळ्यात मीच जागा केली होती.
नावाच्या शेपटीला 'डेव्ह' लागलेली पॅकेजं
एकदोन सोडून सगळी उपटली.
काट्याला काही कळलं नाही.
गाड्या चढत राहिल्या, पावत्या निघत राहिल्या.

चालवायला लागतं ते एका गाठोड्यात,
घडवायला लागतं ते दुसऱ्या.
कुणीतरी कुठंतरी बसून हे ठरवलं
आणि मला ते आजही पटतं.
माझ्या आईनं भाकरीसोबत
जातं नाही वाढलं कधी.

आज काट्याची पेटी बदलली.
नवी पेटी आकडे उलटे पाठवते.
एकवीसशे चाळीस किलोची गाडी
पडद्यावर चारशे बारा.
मेटाडोरवाला आधी हसला, मग हसेना.

चार ओळींचा बदल.
लिहिला, कंपाईल करायला टाकला.
मशीन म्हणालं, हेडर सापडली नाही.
लायब्ररी आहे. जागेवर आहे.
या क्षणीसुद्धा चालते आहे.
फक्त तिला कोणत्या नावानं हाक मारायची,
हातात काय द्यायचं, ती परत काय देते,
एवढं लिहिलेला कागद
मी घराबाहेर काढलेला.

दारात लच्चू किन्नाके,
रेच्यावर सोळा हंगाम काढलेला,
भुवयांवर कापसाची लव.
"काहून थांबला वं बाई काटा?"
सांगितलं, जमेल तसं.
त्यानं ऐकलं, तंबाखू झटकली.
"म्हंजे रुई ठेवली अन् सरकी इकली."
थोडं थांबून:
"मंग आता पेरतं काय?"

खरं तर इथली सरकी कुणी पेरत नाही आता.
ती जाते तेलाच्या घाण्याला, ढेपेला.
बियाणं पाकिटातून येतं
आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकिटातूनच.
माझं नशीब त्यापेक्षा बरं:
मागितलं की मिळतं, फुकट,
फक्त आवृत्ती जुळायला हवी.
तीन-चारच्या रुईला तीन-सहाची सरकी चालत नाही.

टॉवर सकाळपासून मुका.
लच्चूच्या साध्या फोनला मात्र
गोदामाच्या छपरावर एक काडी रेंज.
वणीला प्रणाली नगराळेला आवृत्ती सांगितली,
एकेक आकडा ओरडून, दोनदा.
साडेतीनच्या एसटीत कंडक्टरच्या खिशात
पेन ड्राइव्ह.

फाट्यावर उतरवून घेतला.
आत एकच पॅकेज,
एक्केचाळीस केबी.
अठ्ठावीस किलोमीटरवरून एक्केचाळीस केबी.
म्हणजे उन्हाळ्यात वाचवलेल्या जागेत
याचा वाटा एवढाच होता.
प्रणालीला हे सांगणार नाही.

दिवेलागणीला काटा बोलला:
एकवीसशे चाळीस.
तोवर रांगेतले बैल बसकण मारून रवंथ करत होते,
मेटाडोरवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला.
लच्चूनंच त्याला हलवलं.

पेन ड्राइव्हवर मार्करनं लिहिलं 'सरकी'
आणि पावतीबुकाखाली, शाईच्या पॅडशेजारी ठेवला.
उद्या मुनीमजी विचारतील, हे काय?
पॅकेज डिस्कवर राहू द्यायचं की काढायचं
अजून ठरत नाही.
आठ जीबी आहे शेवटी.

पुढची गाडी घ्या.