पहिला सेक्टर

लेअर गावात, एम्स नदीच्या अलीकडे,
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेला फोल्कर्ट
आता तळघरात बसून जुन्या डिस्का जागवतो.
मोबदला चहा. कधी तोही नाही.

इर्मेला आली शनिवारी,
सायकलच्या टोपलीत, टॉवेलात गुंडाळून
विल्कोचा अटारी घेऊन,
जणू भिजलेलं मांजर.
"चालू होतो," म्हणाली, "पण डिस्कला ओळखत नाही.
विल्कोचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं."
दोघंही हसले नाहीत.
मग हसले.

विल्को ऑर्गन जुळवायचा,
दलदलीतल्या गावागावांत तीनशे वर्षं उभे असलेले,
शिसं-कथलाच्या नळ्यांचे.
कुठली नळी उन्हाळ्यात स्वर चढवते,
कुठल्या भात्याला उंदीर लागलेत,
कुठल्या पाद्र्याला कमी ऐकू येतं म्हणून
यंदा राहू दिलं तरी चालेल,
सगळं या ऐंशी मेगाबाइटांत.

फोल्कर्ट समजावू लागला, स्क्रूकडे बघत:
डिस्क मेलेली नाही हो.
मुळात या यंत्राला डिस्क वाचताच येत नाही.
कशी वाचायची, हे डिस्कच त्याला सांगते,
अगदी पहिल्या सेक्टरपासून,
पाचशे बारा बाइटांत, एका दमात.
यंत्र विचारतं, तू कोण?
डिस्क म्हणते, थांब,
आधी मला विचारायचं कसं ते शिकवते.
तेवढंच बोलणं पुसलं गेलंय.
आतला माल जिथल्या तिथे.
घर शाबूत, कुलूप शाबूत,
किल्ली मात्र आतल्या खुंटीला.

ज्या कंपनीने ती किल्ली घडवली
तिचं दुकान कधीच बंद झालं.
पण एमडेनच्या गोदीत ओक्को नावाचा एक वेल्डर होता,
तो रात्री रात्री बसून दुसरा ड्रायव्हर लिहायचा.
सतरा किलोबाइट, एका फ्लॉपीवर,
सोबत मजकुराची एकच फाइल:
'काही बिघडलं तर फोन करा. नऊनंतर.
आधी केलात तर बायको उचलेल,
आणि तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.'

फ्लॉपी कुरकुरली.
पडद्यावर डिस्कचा सातबारा उघडला:
पहिला हिस्सा बत्तीस, दुसरा बत्तीस,
बांध कुठून कुठे, सगळं चोख.
आणि तिसऱ्या ओळीत
सोळा मेगाबाइटांचा एक तुकडा,
सुरुवात लिहिलेली, लांबी लिहिलेली,
फक्त 'आहे' म्हणणारा एक बिट
शून्यावर.
जुना ड्रायव्हर इतकी वर्षं
त्याच्या शेजारून मुकाट पुढे जात होता.
ओक्कोचा थबकला. विचारलं: दाखवू?

फोल्कर्टने इर्मेलाकडे पाहिलं.
ती कपातल्या खडीसाखरेला गरम चहात तडकताना ऐकत होती.
"दाखव."

हिश्श्याचं नाव: इर्मेला.
तारीख एक्क्याण्णवच्या मार्चमधली.
फाइली: शून्य.

"काहीच नाही?"
"काहीच नाही."
"मी त्या वर्षी बहिणीकडे राहत होते," ती म्हणाली,
आणि जरा वेळाने,
"नाव घालून ठेवलं, पुढे अक्षर नाही.
हो. हा विल्कोच."

मग कामाला लागले.
नखाएवढं कार्ड, बत्तीस गिगाबाइटांचं;
म्हाताऱ्या यंत्राला त्यातले जेमतेम साडेतीन झेपतात,
चौदा अक्षरं संपली की त्याची बाराखडी संपते,
बाकीचं रान पडीक.
नळ्या, भाते, उंदीर, पाद्री
एकेक करून पलीकडे गेले.

"आणि ते तिसरं?"
"रिकामं कॉपी होत नाही, इर्मेला.
नव्याने आखावं लागतं."
"मग आख. तेवढंच. सोळा."
त्याने आखलं. नाव घातलं.
चेकसमची बेरीज जुळली.
"आणि तो बिट?"

तिने तिसरा कप पुढे केला;
या मुलखात तिसऱ्याआधी उठत नाहीत.
"होता तसा ठेव."

एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं
दुसऱ्यांच्या तारा जोडलेल्या माणसाने
का, असं विचारलं नाही.
चहा ओतला.