आठ नंबरजवळचा नळ

उद्यमबागच्या फाउंड्रीतून आणला तेव्हा
मष्णू तरळे बोलत होता.
वितळलेलं लोखंड मांडीवरून घोट्यापर्यंत उतरलेलं,
आणि तो विचारत होता,
"अक्का, बूट ठेवलेत नव्हं? नवे हायत."

पाचव्या दिवशी पट्टी सोडली.
हिरवट.
त्याची आई मल्लव्वा जवळ वाकली,
"द्राक्षाचा वास येऊलाय की!"
माहेर तिचं अथणीकडचं,
लहानपण बेदाण्याच्या शेडात गेलेलं,
तिला तो वास ओळखीचा वाटला,
जरा हसलीसुद्धा.
मी पट्टी बांधत राहिले.
अठरा वर्षं झाली मला या वॉर्डात.
द्राक्षं मी घरात आणत नाही.

लॅबचा कागद आला.
डावीकडं औषधांची नावं एकाखाली एक,
समोर आर, आर, आर, आर,
मास्तरांनी हजेरी घ्यावी
आणि अख्खा वर्ग गैरहजर निघावा तसं.
सगळ्यात खाली, शेवटच्या बाकावर, एकच एस.
तेवढं एक औषध उरलं,
आणि ते मूत्रपिंडावर उठतं.

मग मी कापसाच्या काड्या घेऊन निघाले.
खाटेचा कठडा. सलाईनचा स्टँड.
सहा नंबरचं बोट लागलेला मलमाचा डबा.
हिरेकोडी डॉक्टरांचा फोन (लाजत दिला त्यांनी).
बसव्वाच्या पोछ्याची बादली,
"नंदू याके?" म्हणत ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
माझी नखं.
अंगठीखालची पांढरी पडलेली कातडी.

बेसिनवर पाटी आहे.
वरची ओळ कन्नड, खालची मराठी.
खालची कुणीतरी नाण्यानं खरवडली,
मग वरचीही कुणीतरी.
मला दोन्ही वाचता येतात.
दोन्हीत लिहिलंय, हात धुवा.

सापडलं ते पाटीच्या खालीच.
नळाच्या तोंडाशी जाळी असते, आठ आण्याएवढी,
प्लंबरनं पाना लावून काढली, माझ्या तळहातावर ठेवली.
बुळबुळीत.
किती वर्षांपासून, कोण जाणे.
म्हणजे ज्यांनी पाटीचं ऐकलं
तेच इथून घेऊन गेले
खाटेखाटेला.
आणि या वॉर्डात सगळ्यात जास्त ऐकणारी
मी.

नळाला आता फडकं बांधलंय.
बाटलीतलं औषध चोळते, दहादा, वीसदा,
हात भेगाळलेत,
मल्लव्वा म्हणते, खोबरेल लाव गं.

रात्री तासातासाला पिशवीतली लघवी मोजते.
तीस मिली.
बावीस.
पुन्हा तीस.
मष्णू ग्लानीत आहे, मध्येच डोळे उघडतो.
"बूट?"
"आहेत," मी म्हणते.
मी ते पाहिलेले नाहीत.