अकरा पूर्णांक चार

बडोद्याला समुद्र नाही.
मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये तो येतो
घडी घातलेल्या ड्रॉइंगवर,
पांचालभाईंच्या चहाचा गोल डाग घेऊन.
खाली पाण्यातली मंडळी: खोली मोजणारा, वेग मोजणारा.
वर डोलकाठीवरची: वारा, उपग्रह, रडार.
मधे एक रिकामी चौकट.
ती माझी.

बावीस वर्षं त्या चौकटीत तारा जोडतेय.
पिळलेली जोडी, पीळ शेवटपर्यंत न्यायचा,
टर्मिनलच्या तोंडाशी आणून मगच सोडायचा.
वरच्या जाळीला अर्थ एकाच टोकाला द्यायचा.
दोन्ही टोकांना अर्थ दिला
की जहाजभरची घरघर तिच्यातून फिरायला लागते.

नव्या मुलींना सांगते,
या जोडीवर बोलणारा एकच, ऐकणारे कितीही.
दोघं बोलले की कुणाचंच कळत नाही.
झंखना विचारते,
"आणि ऐकणाऱ्याला काही सांगायचं असेल तर?"
त्याला वेगळी जोडी ओढावी लागते, बाई.
वेगळं भोक, वेगळी ग्लँड, वेगळा खर्च.
ती हसली.
कुणाच्या घरी काय वायरिंग आहे, ज्याचं त्याला ठाऊक.

परवा दुपारी तीनला दहेजहून फोन.
टगबोट नांगर टाकून उभी,
डबा आमचाच, झाकणाच्या आत स्टिकर:
तपासले, व. मांढरे.
विजेचं बघणारा मुजीब कोया, लक्षद्वीपचा.
त्याच्या हिंदीत वारा, माझ्या हिंदीत गुजराती.
"बेन, खोली येत नाही.
पडद्यावर नुसता कचरा,
चौकोन, उलटे प्रश्न, वेडीवाकडी अक्षरं."

कचरा येतोय म्हणजे कुणीतरी बोलतंय.
मुकी तार मला जास्त घाबरवते.
"ए आणि बी बघ."
"बघितलं. ए ला ए, बी ला बी."
"तेच तर.
एक कंपनी ए ला अधिक म्हणते, दुसरी उणे,
आणि दोघींनी ते पुस्तकात छापलंय.
अदलाबदल कर. काही जळत नाही."

मग स्क्रूड्रायव्हर पडल्याचा आवाज,
त्याच्या बेटावरची असावी अशी एक शिवी,
आणि बराच वेळ नुसतं इंजिन.
इकडे झंखना फेरूल ओवत थांबलेली,
सतरा नंबर बोटात धरून.

"आलं."
"काय आलं?"
"पुरं वाक्य, बेन. डॉलरपासून ताऱ्यापर्यंत.
ताऱ्यामागची दोन अक्षरंसुद्धा जुळतायत."
"वाक्य राहू दे. आकडा सांग."
"अकरा पूर्णांक चार."

मी पाहिलेलं पाणी म्हणजे विश्वामित्री,
काळ्या घोड्याच्या पुलावरून.
पाठ मगरीची की ओंडक्याची,
यावर सासरे रुपयाची पैज लावायचे.
तिची खोली कुणी मोजायला जात नाही,
पुरात तीच येते सांगायला,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
डुमसला एकदा गेलो होतो, तर ओहोटी.
लांबवर चिखल, आणि गरम भजी.

टेस्ट रिपोर्टच्या पाठीमागे मी लिहून ठेवलं:
११.४
तारीख नाही घातली. बोटीचं नावही नाही.
पांचालभाई म्हणाले, हे कुठल्या ऑर्डरचं?
म्हटलं, असू दे.

रात्री नवाला, ओटा पुसताना,
फोन दोनदा थरथरला.
मी काही विचारलं नव्हतं.
मुजीब. नुसता आकडा:
अठरा पूर्णांक नऊ.

म्हणजे सहा तासांत साडेसात मीटर पाणी
त्या बोटीखाली आलं,
आणि माझ्या डब्यातून सरकत वर गेलं,
मी मुलांना वाढत असताना,
कुकरची शिट्टी मोजत असताना.

उत्तर काय द्यायचं?
"मिळालं" असं लिहिलं.
मग पुसलं.
मग पुन्हा तेच लिहिलं.