चौकोन

नानलपेठेतल्या त्या दुकानात काचेच्या काउंटरमागं
आम्ही पाच जण उभे असायचो, पाच कंपन्यांचे.
माझा टी-शर्ट निळा. अस्माचा हिरवा.
मधे अंतर दीड फरशीचं.
मालक म्हणायचा, भांडायचं तर गिऱ्हाइकासमोर भांडा,
मागं भांडून कुणाचा फायदा?

तिचा तो रोबोट, माझा तो चौकोन.
सफरचंद वरच्या खणात, कुलपात.
ते बघायला पोरं यायची,
हातात घेऊन स्वतःचा फोटो काढायची
आणि परत द्यायची.

माझे चौकोन बोट लावलं की सरकायचे,
पाकातले गुलाबजाम सरकावेत तसे.
तिचा रोबोट दुपारच्या उन्हात अडखळायचा.
हे मी मोठ्यानं सांगायचो. ती ऐकून घ्यायची,
मग गिऱ्हाइकाला एकच म्हणायची, हळूच,
"भैया, यांना विचारा ना, ते ॲप आहे का यांच्यात?"

येणार आहे, मी म्हणायचो.
बँकेचं? पुढच्या महिन्यात.
गाडीच्या तिकिटाचं? तेबी.
आमच्या भागात 'येणार आहे' हा वेगळाच काळ आहे,
शाळेच्या व्याकरणात नसलेला.
रेल्वेचा दुसरा रूळ त्याच काळात राहतो,
कितीतरी कारखानेही.
मला तो काळ जन्मापासून पाठ.

सोनटक्के काका मानवतचे, निवृत्त पोस्टमास्तर.
अक्षरं मोठी दिसतात म्हणून त्यांनी चौकोन घेतला.
त्या महिन्यातला माझा अकरावा पीस.
टार्गेट चाळीस.
मग दर बुधवारी एसटीनं येऊ लागले.
मुलगी मस्कतला. तिचा चेहरा ज्यातून दिसतो
ते ॲप माझ्या फोनात नव्हतं.
"आलं का हो?" काउंटरवर टोपी ठेवून विचारायचे.
तीस वर्षं खिडकीच्या आतून
ज्या प्रश्नाला त्यांनी 'उद्या बघा' म्हटलं,
तो आता बाहेरून विचारत होते, आणि माझं उत्तर
त्यांच्याच शाईतलं.

पाचव्या बुधवारी माझ्याआधी अस्मा बोलली.
"काका, नाही येणार ते."
पंख्याचा आवाज तेवढा.
मला वाटलं, झालं, आता हिचा रोबोट विकला गेला.
पण तिनं बॉक्स काढलाच नाही.
स्वतःचा फोन काढला, नंबर विचारला,
आणि काकांच्या हातात मस्कत दिलं.
"अगं, वाळलीस की गं," ते म्हणाले,
दोनदा, तिसऱ्यांदा. मालकानंही टीव्ही बारीक केला.
जाताना आपला चौकोनच घेऊन गेले,
अक्षरं मोठी दिसतात म्हणाले.
अस्माचा डेटा संपला होता,
तिनं आठवडाभर सकाळची सुशीला माझ्या पैशानं खाल्ली,
शेंगदाणे जास्त सांगून.

पुढं कंपनीनंच चौकोन टाकून दिले.
मला नोकरी गेल्याचा निरोप आला,
तोही साध्या एसएमएसनं.

आता गांधी पार्काजवळ टेबल टाकलंय.
रोबोट येतात, फुटकी सफरचंदंही येतात हल्ली.
पाठ उघडली की सगळ्यांच्यात तोच डिंक,
तेच तिळाएवढे स्क्रू.
खणात माझा एक जुना चौकोन आहे, अधूनमधून चार्ज करतो.
त्यावर हवामानाचा तुकडा अडकून बसलाय,
परभणी, त्रेचाळीस अंश,
कुठल्या तरी मे महिन्यातले.

डिसेंबरात अस्मा आली, चार्जिंगचा पोर्ट घेऊन.
जिंतूर रोडला तिचं स्वतःचं दुकान आहे.
मफलर नाकापर्यंत, बोटं गारठलेली.
"हे अजून चालतंय?"
"हाव."
"मग ते आलं का यात?"
"येणार आहे," मी म्हणालो.
तिनं स्टूल ओढलं,
त्रेचाळीस अंशांवर दोन्ही तळहात धरले, शेकोटीवर धरतात तसे,
आणि विचारलं, पोर्टला किती वेळ लागंल.