दीड इंची माणसं

स्क्रँटनला नोव्हेंबरात चारलाच दिवा लागतो.
व्हर्ना स्टुख्लिक खिडकीशी,
कपाळावर भिंग, दातांत ब्रशाची दांडी,
समोर बुचांवर टाचणीने रोवलेली रबरी माणसं.
तीन हमाल, एक तिकीट तपासनीस,
बाकी सगळे दूधवाले.
दूधवालेच जास्त येतात दुरुस्तीला:
डब्याचं दार उघडलं की बाहेर यायचं,
फलाटावर कॅन ढकलायचा, परत आत.
सत्तर वर्षं हेच. घोटा तुटणारच.

रबर सहजी रंग धरत नाही.
आधी रात्रभर साबणाच्या पाण्यात,
नंतर उघड्या बोटांनी शिवायचं नाही,
नाहीतर महिन्याभरात
गुडघ्याशी पापुद्रे सुटतात.
चाळीस वर्षं तिने कवळ्यांचे दात रंगवले.
“पांढरा असा रंगच नसतो,” ती म्हणते,
“पिवळ्याच्या किती अलीकडे थांबायचं, तेवढंच.”

आज टोलेडोहून डबी आली.
कापसात एक दूधवाला, वर चिठ्ठी:
मूळचा करून द्या.
गाडी भावाची होती, खराब मी केली.
त्याला पंचाहत्तरावं लागतंय.
रसेल ओपिट्झ.

गणवेश ठीक, जरा मळलेला.
चेहरा मात्र लालभडक,
नेलपॉलिशचा, कानांसकट,
आणि हनुवटीवर
कुणा पोराच्या अंगठ्याच्या तीन रेघा.

तिने फोन लावला. लाल का?
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
“आमच्याकडे यायचा तो असाच होता,
हिवाळ्यात. कान पेटल्यासारखे.
दुकानातला फिकट होता. तो खोटा वाटायचा.”

ॲसिटोनची बाटली उघडी.
काडीला कापूस गुंडाळलेला.
मूळचा म्हणजे कुठला,
हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही.

तिने बाटलीचं झाकण लावलं.
खणातून कोरा दूधवाला काढला,
धुवायला टाकला.
गुरुवारपर्यंत होईल पांढरा,
टोपीला काळा काठ, गाल दुकानातल्यासारखे.
डबीत दोघांना शेजारी ठेवायचं,
मध्ये कापूस.
बिल एकाचंच.
खाली एक ओळ:
भावाला कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

हमालांचे डोळे राहिले.
ते उद्या सकाळी,
उजेड असला तर.