शंभरपैकी

कऱ्हाडहून सकाळची एसटी, सांगलीत दहाला.
पडदा म्हणून भिंतीला पांढरी चादर,
पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो म्हणे.
माझ्यासमोर चहा, बिस्किटं आणि गुणपत्रक:
संकल्पना वीस, छायाचित्रण वीस, संकलन वीस,
ओठांचा मेळ दहा,
प्रसिद्धीचं साहित्य तीस.

गट सातवा. गाण्याची चित्रफीत, चार मिनिटं अकरा सेकंद.
दिग्दर्शक शीतल मगदूम
(यादी वाचताना मी मुलगी समजले होते,
समोर दाढीवाला उभा).

मार्केट यार्डातली सकाळ.
पोती फुटतात, हळकुंडं घरंगळतात,
एका हमालाच्या मानेवरून घाम उतरतो
आणि जिथून उतरतो तिथं वाट पडते.
मी लिहिलं: पिवळा फिल्टर अती झाला.
शीतल म्हणाला, फिल्टर नाही मॅडम,
काचेवर बसत होती.
पुसली की परत.
मी लिहिलेलं खोडलं.

पडद्यावर गाते ती रुचिरा आवटी.
ओढणी, वारा, कृष्णेचा घाट, सगळं जागच्या जागी.
पण गाणं जिथं श्वास घेतं
तिथं तिचा गळा हलत नाही.
दुसऱ्या कडव्यात मागं कुठंतरी कुणालातरी ठसका लागतो,
गाणं पाऊलभर थांबतं, मग सावरून पुढं जातं,
आणि रुचिरा हसतच असते.
ओठांचा मेळ: चार.

आवाज कुणाचा, मी विचारलं.
तिघांनी एकदम मागं पाहिलं.
दाराशी एक मुलगी वायर गुंडाळत होती,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
प्रणोती ऐवळे. यादीत नावापुढं: 'ध्वनी व इतर'.
तू का नाही आलीस कॅमेऱ्यापुढं?
म्हणाली, तो पोतं उचलणारा माणूस दिसला ना,
ते पप्पा.
मी गायला उभी राहिले असते
तर ते पोतं घेऊन तिथंच थांबले असते.
आणि ठसका?
तो पण त्यांचाच. रात्री घरी रेकॉर्ड केलं.
सगळं काढता आलं, तेवढा निघेना.

मग पोस्टर.
रंगीत छपाईला पैसे पुरले नाहीत,
म्हणून काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर हातानं हळद चोळलेली.
बावीस प्रती, बावीस वेगळे पिवळे.
'संगीत' ऱ्हस्व. लाल रेघ.
'लवकरच येत आहे', पण कधी आणि कुठं, ते नाही.
हॉल मिळाला नाही अजून, रुचिरा पुटपुटली.
तिचं नाव टाचेएवढं, प्रणोतीचं मुंगीएवढं,
तेही झेरॉक्सवाल्याच्या खाली.
तीसपैकी वीस.

बेरीज अडुसष्ट.
आवाजाला रकाना नाही.
नियमावली काढून पुन्हा वाचली:
गाणं कुणाचंही चालेल, त्याला गुण नाहीत.
खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.
मी संकल्पनेत तीन वाढवले,
पंधराचे अठरा,
खाडाखोडीवर सही केली, नियमाप्रमाणेच.
एकाहत्तर लिहिताना
'एकूण'च्या चौकटीत अंगठा उमटला,
पिवळाधमक.
विद्यापीठ विचारेल.
विचारू दे.

नळाशी साबण लावला तर हात लालभडक.
शिपाई महावीर लांबूनच म्हणाला,
साबणानं लालच हुती ओ बाई,
नुसतं पाण्यानं धुवायचं.
तोवर पाणी गेलं होतं.

परतीच्या गाडीत, आष्ट्याच्या पुढं,
सुट्टे पैसे ठेवताना कंडक्टरनं
अर्धवट लाल, अर्धवट पिवळ्या तळव्याकडं पाहिलं.
हळदीला गेला होता का?
हो, म्हणाले.
कुणाच्या, ते त्यानं विचारलं नाही.